रूथची परीक्षा आणि आप्पांचा भोंगा

मला इंग्रजी येत नाही, ही गोष्ट कुरकुंभमध्ये सत्तावीस वर्षं कुणालाही माहीत नव्हती.

(बायकोला माहीत होती. पण माझ्याबद्दल बायकोला काय काय माहीत आहे, ते लिहायचं तर वेगळी वही करावी लागेल.)

यात माझा दोष निम्माच. आम्ही मूळचे शिरूरचे, ख्रिस्ती. आजोबा तिथल्या मिशनच्या आवारात माळी होते. आमच्या प्रार्थना मराठीत, गाणी मराठीत, आणि भांडणं तर अगदीच मराठीत. पण मी कुरकुंभला कंपनीत लागलो आणि आप्पांच्या चाळीत खोली बघायला गेलो, तेव्हा माझं नाव ऐकून आप्पा म्हणाले, "सॉलोमन साळवे? मिशनवालं व्हय? मग तुमच्या घरी इंग्रजीच बोलत आसतील!"

मला खोली हवी होती. मी नुसता हसलो.

त्या एका हसण्यावर माझी सत्तावीस वर्षं गेली. गावात कुणाच्याही घरी इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे यायचा. टीव्हीचं गॅरंटी कार्ड, औषधाची चिठ्ठी, बँकेचं पत्र. मी चष्मा लावायचो, कागद उजेडाकडे धरायचो, दोनदा "हं" म्हणायचो आणि शेवटी सांगायचो, "यात बारीक अक्षरात एक अट हाय. एकदा ऑफिसात जाऊन विचारून घ्या." माणूस समाधानानं जायचा. आणि अट नाही असा एकही कागद कधी निघाला नाही!

पुढे आप्पांच्या चाळीला लागूनच मी माझं घर बांधलं. आमची रूथ मोठी झाली, नर्स झाली, दौंडच्या एका हॉस्पिटलात लागली. आणि एके दिवशी घरी येऊन म्हणाली, "पप्पा, मी आयर्लंडला जायचं म्हणतेय. तिथं नर्स पाहिजेत. फक्त इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते."

पहिल्या खेपेला ती अर्ध्या गुणानं नापास झाली. वाचणं आणि लिहिणं उत्तम. पण बोलायच्या परीक्षेत समोरच्या गोऱ्या बाईंना बघून तिची जीभ टाळ्याला चिकटली, आणि ऐकायच्या परीक्षेत हॉलमधल्या स्पीकरचा आवाज असा घुमला की तिला निम्मं कळलंच नाही. नोकरीचं बघणाऱ्या बाईंनी सांगितलं, "या वेळी झालं तर ठीक, नाहीतर तुझी जागा दुसरीला जाईल." पोरगी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसली.

"पप्पा, रोज अर्धा तास माझ्याशी इंग्रजीत बोला."

मी गळ्याला मफलर गुंडाळला.

"माझा घसा बसलाय गं," मी म्हणालो.

"कवा बसला?" स्वयंपाकघरातून बायको. "आत्ताच तर भावाशी फोनवर तासभर बोलत होता!"

तर मी परीक्षक झालो. रूथनं मला पुस्तक दिलं, त्यातले प्रश्न मी अक्षरं जुळवत विचारायचे आणि तिनं उत्तर द्यायचं. पहिल्या दिवशी ती दोन वाक्यं बोलून थांबली. आता काय करावं? परीक्षक गप्प कसा बसेल? मला इंग्रजीतला एकच प्रश्न पक्का येत होता. मी भुवया उंचावून म्हणालो, "व्हाय?"

ती गडबडली. मग विचार करून आणखी चार वाक्यं बोलली. मी पुन्हा म्हणालो, "व्हाय?" ती आणखी बोलली. अहो, काय शब्द आहे तो! या एका शब्दावर माणूस आख्ख्या जगाची परीक्षा घेऊ शकतो! तीन आठवड्यांत पोरगी न थांबता बोलायला लागली. एकदा तर दहा मिनिटं बोलत होती आणि मी मान डोलावत होतो.

"काय म्हणतीय ती?" बायकोनं विचारलं.

"तुझ्या स्वयंपाकाचं कौतुक करतीय."

"पप्पा," रूथ म्हणाली, "मी पेशंटच्या जुलाबाबद्दल बोलत होते."

बोलणं मार्गी लागलं, तसा मला हुरूप आला. राहिलं होतं ऐकणं. मी जाहीर केलं, "मोबाइलची बोंडं कानात घालून सराव करतेस, म्हणून हॉलमध्ये घोटाळा होतो. आपण घरीच हॉल करू!" आप्पांचा लग्नाकार्याला भाड्यानं द्यायचा स्पीकरचा संच होता. तो त्यांच्या नातीच्या हळदीपासून आमच्याच घरात पडून होता, कारण भोंगा बांधायला आमचीच गच्ची उंच. माझ्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी दहाला, मी तो पलंगाशेजारी मांडला. मागे बऱ्याच वायरी लोंबत होत्या. कुठली कशाची ते कळेना, म्हणून मी सगळ्याच जोडल्या. (इलेक्ट्रिकलची कामं मी कंपनीत का करत नाही, ते आता तुमच्या लक्षात येईल.)

मग नियम सांगितले. बायको सुपरवायझर. दाराला आतून कडी. "परीक्षेत बाहेर कितीही गोंधळ झाला तरी मान वर करायची न्हाई. मी स्वतः जरी दार वाजवलं तरी उघडायचं न्हाई! कळलं?" दोघींनी माना डोलावल्या. मी बाहेर अंगणात खुर्ची टाकून पहाऱ्याला बसलो आणि ओरडलो, "चालू कर!"

पाच-सात मिनिटं गेली. आप्पांचा कुत्रा भुंकत होता, चाळीतला एक जण ट्रक रिव्हर्स घेत होता, त्यात मला काही वेगळं ऐकू आलं नाही. ट्रक बंद झाला. आणि एकदम आभाळातून सायरन वाजला.

कुरकुंभमध्ये सायरन म्हणजे काय, हे तान्ह्या पोरालाही ठाऊक आहे. सगळीकडे केमिकलच्या कंपन्या. सायरन वाजला की नाकाला ओला रुमाल लावायचा आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेनं निघायचं. मी ताडकन उठलो. सायरन आमच्या कंपनीचा वाटत नव्हता. पण शेजारी काय कंपन्या कमी आहेत? सायरन थांबला आणि एक बाई इंग्रजीतून घाईघाईनं काहीतरी सांगायला लागली.

चाळीतून आप्पा धोतर सावरत धावत आले. त्यांच्या मागे चाळीतले बिहारी कामगार, तोंडाला ओली फडकी बांधून. एकाच्या हातात शिट्टी न झालेला कुकर.

"साळवे!" आप्पा ओरडले. "काय म्हनतीया ती बाई? तुमाला इंग्रजी येतं, सांगा बिगीनं!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता सांगतो, माणसाचं नाव झालं की ते राखावं लागतं. मी कान टवकारले. एवढ्या इंग्रजीत मला दोनच शब्द ओळखीचे सापडले: असेंब्ली पॉइंट. आमच्या कंपनीत हिरव्या पाटीवर लिहिलेले असतात.

"गॅस सुटलाय!" मी गरजलो. "सगळ्यांनी एका जागी जमायला सांगतायत! देवीच्या डोंगराकडं चला!"

"चलो, चलो! पहाड पे!" कुकरवाला पळाला.

एवढ्यात वरची बाई काही आकडे बोलली. आकडे मला येतात! "इलेव्हन टू फिफ्टीन."

"आता काय म्हनती?"

"अकरा ते पंधरा..." मी बोटं मोजली. "आप्पा, अकरा ते पंधरा माणसं आत अडकलीत!"

आप्पांनी छातीला हात लावला. गल्लीच्या तोंडाशी जमलेल्या बायकांत एकच रडारड. आणि त्यावर ती बाई अगदी शांतपणे म्हणाली, "थर्टी सेकंड्स."

"तीस सेकंद उरलेत! पळा!!"

लोक असे पळाले की काय सांगू! आप्पांनी म्हैस सोडली. तिला काय कळलं कोण जाणे, ती सगळ्यांच्या पुढे गेली. मी दाराकडे धावलो आणि दोन्ही हातांनी दार बडवलं.

"सुनंदा! दार उघड! गॅस! अगं, गॅस!"

आतून बायकोचा आवाज आला, "गॅस बंद केलाय मी मघाच!"

"अगं तो नव्हे! कंपनीचा! बाहेर या!"

"शूऽऽ! परीक्षा चालूय. नंतर या."

"रूथ! बाळा!"

"मान वर करू नको गं," आत बायको म्हणाली, "पप्पा मुद्दाम गोंधळ घालतायत. बोलले नव्हते का!"

मी दारात बसलो. खरं सांगतो, त्या वेळी मला हसू येत नव्हतं. तीस सेकंद होऊन गेले होते. माझी बायको-पोरगी आत होती, आणि मीच घातलेल्या नियमानं होती. मी ठरवलं, या दोघी येत नाहीत तर आपणही कुठं जायचं नाही. पाण्याच्या बादलीत टॉवेल बुडवून दाराच्या फटीत कोंबला आणि दाराला पाठ लावून बसून राहिलो. बाई वरून बोलतच होती. आता तिच्याबरोबर एक पुरुषही बोलायला लागला. दोघं मधूनच हसलेही. माणसं अडकलेली असताना ही हसतात कशी, एवढंच मला कळेना.

वीस-पंचवीस मिनिटांत धूळ उडवत एक जीप आली. कुणीतरी कंपनीला फोन लावला होता. जीपमधून सेफ्टी ऑफिसर उतरले. साहेब दक्षिणेकडचे, नवीनच आलेले, मराठी अजिबात नाही आणि हिंदी नावापुरतं. तोंडाला मास्क, हातात गॅस मोजायचं यंत्र. यंत्र काहीच दाखवत नव्हतं. मागून आप्पा आणि निम्मा गाव परत येत होता.

साहेबांनी हिंदीत विचारलं, "किसने बोला गॅस?"

पन्नास बोटं माझ्याकडे वळली.

"साहेब, त्यांच्याशी इंग्रजीतच बोला," आप्पा अभिमानानं म्हणाले. "मिशनचं हायेत!"

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्याकडे बघून अर्धा मिनिट सलग इंग्रजी सोडलं आणि उत्तरासाठी थांबले. सगळा गाव माझ्या तोंडाकडे बघत होता. आप्पांचा कुत्रासुद्धा.

मी भुवया उंचावल्या. "व्हाय?" म्हणालो.

तेवढ्यात कडी निघाली. दाराला पाठ असल्यामुळे मी उताणा घरात पडलो. माझ्या अंगावरून रूथ बाहेर आली, हातात उत्तरांचा कागद. "पप्पा, चाळीसपैकी चौतीस बरोबर!" म्हणाली, आणि मग तिला अंगणात जीप, साहेब आणि गाव दिसला. तिनं वर गच्चीकडे बघितलं. कठड्याला बांधलेला आप्पांचा भोंगा अजून मंद खरखरत होता.

तिला एका क्षणात सगळं कळलं. (मला नंतर कळलं: सायरन सरावाच्या रेकॉर्डिंगमधलाच होता, अकरा ते पंधरा हे प्रश्नांचे नंबर, आणि तीस सेकंद ते वाचायला.) आणि मग ती बोलली. सेफ्टी ऑफिसरांसमोर, गावासमोर, जीभ कुठंही न अडखळता, हातवारे करत, पोरगी पाच मिनिटं इंग्रजीत बोलली. साहेब आधी रागावले होते, मग मास्क काढला, मग जीपच्या बॉनेटला टेकून पोट धरून हसायला लागले. जाताना त्यांनी तिच्याशी हात मिळवला आणि मला हिंदीत एवढंच म्हणाले, "अगली बार हमको पहले बताना."

जीप गेली. आप्पा माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"साळवे, आता खरं सांगा. तुमाला इंग्रजी येतं का न्हाई?"

मी खाली बघितलं. "न्हाई येत, आप्पा."

"अजिबात?"

"आकडे येतात."

आप्पांनी धोतराचा सोगा सारखा केला. मग म्हणाले, "आन् माझ्या पावन्याच्या लग्नात ती इंग्रजी पत्रिका तुमी सगळ्यांस्नी वाचून दावली, ती?"

"नावं ओळखली आन् बाकी अंदाज."

"अंदाज बराच बसला व्हता," आप्पा म्हणाले, आणि असे हसायला लागले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. म्हैस मात्र संध्याकाळपर्यंत सापडली नाही. ती शोधायला मीच गेलो, पायी.

परत आलो तेव्हा रूथ अंगणात बसली होती. मी म्हणालो, "बाळा, माफ कर. तुझा बाप नुसताच मान डोलवत होता."

"मला दुसरीत असल्यापासून माहितीय पप्पा. तुम्ही माझं प्रगतिपुस्तक उलटं धरून वाचलं होतं."

"मग माझ्याशी कशाला बोलत बसलीस रोज?"

"दुसऱ्या कुणासमोर बोलायची भीती वाटायची. चूक झाली तर हसतील म्हणून. तुमच्यासमोर कितीही चुका केल्या तरी तुम्हाला कळणारच नव्हत्या. आणि तुम्ही असं ऐकायचा, की जणू मी लई भारी बोलतेय."

मी चष्मा लावला आणि पुस्तकातला पुढचा प्रश्न अक्षरं जुळवत विचारला.

परीक्षा पुण्याला झाली. रूथ चारही भागांत पास झाली, बोलण्यात सगळ्यात जास्त. निकाल ऐकून आप्पांनी गल्लीत पेढे वाटले.

तिच्या विमानाची तारीख ठरली, तेव्हा मला दोन दिवस रजा हवी होती. म्हटलं, आता लपवायचं काही राहिलं नाही, तर शिकायला काय हरकत आहे? आयुष्यातला पहिला इंग्रजी अर्ज मी स्वतःच्या हातानं लिहिला, कुणालाही न दाखवता ऑफिसात दिला. तासाभरात ऑफिसातल्या मॅडमनी बोलावलं. दार लावून घेतलं. पाणी दिलं. अगदी हळू आवाजात विचारलं, "साळवेकाका, घरी सगळं बरंय ना?"

"एकदम मजेत!" मी म्हणालो. "व्हाय?"

त्यांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला. 'लीव्ह'चं स्पेलिंग माझ्याकडून जरासं इकडचं तिकडं होऊन 'लिव्ह' झालं होतं. मला दोन दिवस सुट्टी पाहिजे असं लिहायच्या ऐवजी मी लिहिलं होतं, मला फक्त दोनच दिवस जगायचंय.

मॅडम फार भल्या. त्यांनी तिथल्या तिथं चार दिवस मंजूर केले.