निखिलच्या काळ्या गाडीवरचे ओरखडे

मागच्या उन्हाळ्यात भोपाळच्या बाग सेवनियात बातमी उठली की काशिनाथ वैरागडे यांनी सत्तरी ओलांडल्यावर काळी स्पोर्ट्स कार चालवायला घेतली आणि मनोरमाबाई झोपेत असताना ते पहाटे कुणाला तरी हवा खायला नेतात. पुरावा काय, तर सकाळी दूधवाला येतो तेव्हा गाडी चकचकीत असते.

बातमी चांगली होती, पण टिकली नाही. काशिनाथरावांनी आयुष्यभर सरकारी कचेरीत बाबूगिरी केली आणि स्कूटरच्या वर ते कधी गेले नाहीत. ती गाडी त्यांच्या मुलाची, निखिलची. मंडीदीपला नोकरीत असताना त्यानं ती हौसेनं जुनी घेतली, आणि सिंगापूरला जाताना बापाच्या फाटकात उभी करून गेला. इतकी बुटकी की कॉलनीच्या गतिरोधकावर तिचं पोट घासायचं. काशिनाथराव तिच्यात एकदाच बसले होते, आणि त्यांना बाहेर काढायला दोन माणसं लागली होती.

पहाटेचं प्रकरण एवढंच की ते गाडी पुसायचे. मनोरमाबाईंच्या जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा, कोरडाच, कारण बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. होशंगाबाद रोडची धूळ रात्रभर बसायची आणि ते गोल गोल हात फिरवून ती उतरवायचे. नातवाचं अंग पुसावं तसं.

कारण साधं होतं. आई-बापासाठी निखिलला सुट्टी मिळत नसे, गाडीसाठी मिळे. वर्षातून एकदा यायचा, इंजिन सुरू करायचा, भोजपूरपर्यंत एक चक्कर मारायचा, दोन दिवस घरचं वरण-भात जेवायचा आणि जायचा. फाटकात गाडी आहे तोवर मुलगा येणार, हा काशिनाथरावांचा हिशोब. मनोरमाबाईंचाही तोच, फक्त त्या बोलायच्या नाहीत.

गणपती झाल्यावर निखिलचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, गाडीचे फोटो पाठवा ना. उन्हात काढा, चारही बाजूंनी."

काशिनाथराव दिवसभर फुगून फिरले. मुलाला गाडीची आठवण येतेय म्हणजे काय! फोटो गेले. संध्याकाळी उत्तर आलं, "केवढे ओरखडे झालेत, बाबा. कोळ्याचं जाळं वाटतंय. असू दे."

ते "असू दे" त्यांना झोंबलं. मुलाचं मन गाडीवरून उतरलं तर पुढं काय, हे त्यांना कळत होतं. आधी त्यांनी समोरच्या सरोजताईंच्या मांजरीवर आळ घेतला. सरोजताई म्हणाल्या, "माझी मांजर नखानं गोल काढते होय? तिला शाळेत घालते मग." गल्ली आठवडाभर हसली.

शेवटी मिसरोदहून अक्षय आला. गाड्यांच्या रंगाला पॉलिश करणारा, भोपाळातच वाढलेला, अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलणारा. त्यानं बॉनेटवर टॉर्च मारला तशी सगळी जाळी उठून दिसली.

"काकाजी, रोज कोण पुसतंय हिला? सूखा कपडा मारून मारून धुळीनंच घासून टाकलं ना."

"बाई येते कामाला," काशिनाथराव म्हणाले, आणि हातातला साडीचा तुकडा खिशात कोंबला.

"कोणती बाई आली बाप्पा आपल्याकडं?" दारातून मनोरमाबाई. "हेच पुसतात. माझ्या साडीनं."

अक्षयनं गाडी धुतली, कडांना टेप लावली आणि मशीन चालू केलं. आधी जाड पॉलिश, मग बारीक. त्यानं एवढंच बजावलं की वरचा पारदर्शक थर पातळ झालाय, हे एकदाच होईल, यापुढं कोरडा हात लावायचा नाही. काशिनाथराव प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी गाडीच्या काळ्या दारात त्यांना समोरचं अशोकाचं झाड दिसलं, सरोजताईंची गॅलरी दिसली, आणि आपलं तोंड दिसलं. हनुवटी थेट निखिलची. की निखिलची त्यांच्यासारखी, पण ते त्यांना तेव्हा सुचलं नाही.

त्यानंतर धूळ बसायची आणि काशिनाथराव हात मांडीखाली दाबून बसायचे. ये-जा करणारे विचारत, "आज पुसत नाही?" ते म्हणत, "डॉक्टरनं मना केलंय."

नवे फोटो गेले आणि निखिल खरंच आला, तोही दिवाळीच्या आधी. मनोरमाबाईंनी पुरणाचा घाट घातला. निखिल फाटकातच थबकला. "बाबा, ही तर शोरूममधून आणल्यासारखी दिसतेय." काशिनाथरावांनी अक्षयचं नाव सांगितलंच नाही. तेवढं चालायचं.

जेवताना निखिल म्हणाला, "बरं झालं करून घेतलंत. दोन वर्षं विकायचा प्रयत्न करतोय. आधीच्या फोटोंतले ओरखडे बघून शेवटचं गिऱ्हाईकही पळालं. हे फोटो टाकले आणि इंदूरच्या एकानं लगेच होकार दिला. उद्या न्यायला येतोय, सहीपुरता आलोय मी."

काशिनाथराव पोळीवर तूप घालत होते, ते घालतच राहिले. तूप ताटाबाहेर गेलं तेव्हा मनोरमाबाईंनी भांडं काढून घेतलं.

इंदूरवाला आला, गाडीभोवती फिरला, खूश झाला. गतिरोधकावर गाडीचं पोट घासल्याचा आवाज आला आणि मग तोही नाही. दुसऱ्या दिवशी निखिल गेला. पुढच्या दिवाळीचं विचारलं तर म्हणाला, "बघू, बाबा."

दिवाळी उलटली. फाटकात गाडीच्या मापाची स्वच्छ जागा राहिली होती, तिथंही आता धूळ बसली. काशिनाथराव मात्र सवयीनं पहाटे उठून साडीचा तुकडा हातात घेऊन खुर्चीत बसतात.

एका सकाळी सरोजताईंनी गॅलरीतून विचारलंच, "भाऊजी, गाडी तर गेली. आता फडकं घेऊन काय पुसणार, माझं तोंड?"

काशिनाथरावांनी फडक्याची घडी घातली आणि म्हणाले, "पुसलं असतं, सरोजताई. पण चमकलं तर तुम्हालाही कुणीतरी घेऊन जाईल, आणि मग सकाळी माझ्याशी बोलायला कोण उरणार?"