दोरीवरचा गणवेश

शेजारी कुणीतरी भाताच्या पेजेची खळ करत होतं. तो आंबूस, कोमट वास खिडकीतून आला आणि मी थेट किन्हवली गावातल्या आमच्या ओटीवर जाऊन बसले.

पंचवीसेक वर्षं झाली. तेव्हा लष्करी रुग्णालयात मी मेजर होते, हाताखाली चाळीस नर्स. सुट्टी संपत आली म्हणून चुलतबहीण सुनंदाने माझा पांढरा गणवेश खळ घालून दोरीवर टाकला होता. लष्करातल्या नर्सिंगचा फॉर्म मीच तिला आणून दिला होता. काकांची सही तेवढी राहिली होती, आणि दोन दिवसांनी तिला बघायला पाहुणे येणार होते.

“सही करतो गो,” काका म्हणाले. “पण तुज्यासारखी एकटी रायली त? तू सुखी हाय काय, येवढंच सांग.”

सुनंदा दारातून माझ्याकडे बघत होती. आई सुपातले तांदूळ निवडायची थांबली. मी सुखी होते, अगदी खरंच होते. पण माझ्या लग्नासाठी नवस बोललेल्या आईसमोर ते तोंडातून निघेना. वॉर्डात एका शब्दावर सगळ्यांना हलवणारी मी, “गणवेश वाळला का बघते,” म्हणून उठले.

सही झाली नाही.

सुनंदा माझ्या मागोमाग अंगणात आली होती. तिने गणवेश उतरवला, मी शिकवली होती तशी घडी घातली आणि माझ्या हातात दिला.

पुढे शेकडो मुली मी तयार केल्या. तशी घडी एकीलाही जमली नाही.