तिनं नाव सांगितलं तेव्हा

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदारयादीत सव्वीस बायकांची नावं मी घरी बसून मनानं लिहिली. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कचेरीत नाही. आमच्या खालच्या मजल्यावर एक फिलिपिनो गृहस्थ राहत. त्यांना सांगायला हवं होतं, त्यांनाही नाही.

बदली होऊन मी कलकत्त्याला आलो होतो. बालीगंजमध्ये दोन खोल्या होत्या. याद्यांच्या कामाला सरकारी नोकरांना जुंपलं, तेव्हा माझ्या वाट्याला बराकपूरच्या बाजूची, एका तागाच्या गिरणीतल्या कामगारांची वस्ती आली. एका ओळीत वीस खोल्या, पाठीला पाठ लावून आणखी वीस, मधून उघडं गटार. माणसं बहुतेक बिहारकडची. पुरुष आपली नावं भराभर सांगत. बायकोचं विचारलं की हसत.

"घरवाली है साहब. लिख दीजिए, घरवाली."

मी तसंच लिहीत गेलो. अमक्याची बायको, तमक्याची आई. मग वरून हुकूम आला की असल्या नोंदी चालणार नाहीत. बाईचं स्वतःचं नाव आणा, नाहीतर नोंद काढून टाका. पंधरा दिवसांची मुदत दिली.

पहिल्या रविवारी मी गेलो. दारं अर्धी लावलेली, दाराआड बांगड्या वाजत होत्या, बोलत कुणी नव्हतं. एकच बाई बोलली. पदर नाकापर्यंत ओढलेला, हात राखेनं भरलेले.

"नाम लिखाने से क्या होगा?"

"वोट दे सकोगी. जितना तुम्हारे मरद का, उतना ही तुम्हारा."

"उतना ही?"

"उतना ही."

ओट्यावर तिचे थोरले दीर खाट टाकून बसले होते. त्यांच्याकडे न बघता ती हलक्या आवाजात म्हणाली, "आज जेठजी बैठे हैं. अगले इतवार आइए. तब बोल दूँगी."

"आऊंगा," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी मी गेलो नाही. इथल्या मराठी मंडळींचा गणेशोत्सव जवळ आला होता आणि नाटकाच्या तालमी चालू होत्या. विधवाविवाहावरचं जुनं नाटक; त्यात सुधारकाचं काम माझ्याकडे होतं. तिसऱ्या अंकात स्त्रियांच्या हक्कांवर मोठं भाषण होतं, ते काही केल्या पाठ होईना. बराकपूरला जायचं म्हणजे अख्खा दिवस. सियालदाच्या फलाटावर पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं चुली मांडून बसलेली असत, त्यांच्या अंथरुणांमधून पाऊल टाकायला जागा शोधत गाडी गाठायची. मला ते नको होतं. स्त्रियांच्या हक्कांचं भाषण पाठ करायचं म्हणून मी त्या बाईकडे गेलो नाही. वाक्य लिहून झालं आहे, तसंच राहू देतो.

नोंदी काढून टाकल्या असत्या तरी एक प्रकारचा खरेपणा राहिला असता. पण सव्वीस नोंदी एकदम काढल्या की साहेब विचारणार, दारोदार गेला होतात ना? म्हणून मी यादी पुढे घेतली आणि नावं घालायला लागलो. दहा-बारा झाल्यावर सुचेनात.

"अगं, बायकांची नावं सांग बघू."

"कशाला? नाटकात बायका वाढल्या की काय? मिशा काढायला कोण तयार झालं?" बायको आतून म्हणाली.

"सांग तर खरं."

ती सांगत गेली. आत्या, मावश्या, नणंदा, शेजारणी. सगळी आपल्याकडची नावं. बिहारच्या बाईला ती कशी शोभणार, हा विचार मला शिवला नाही. शेवटी ती हात पुसत दारात आली. "आणि एक घ्या," म्हणाली आणि तिनं स्वतःचं माहेरचं नाव सांगितलं. "पडूनच आहे. तुमच्या कामी आलं तर बघा."

लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं मी तिचं नवं नाव लिहिलं होतं. तुला आवडेल का, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. बाईचं नाव ठेवायला बाईला विचारावं लागत नाही, हे माझ्या हाताच्या अंगवळणी पडलेलं होतं, म्हणून त्या दिवशी तो एकदाही अडखळला नाही. जिला मी 'आऊंगा' म्हणालो होतो, त्या बाईच्या नोंदीपुढे बायकोचं माहेरचं नाव लिहिलं. मुद्दाम लिहिलं असं नाही. ती ओळ रिकामी होती.

फिलिपिनो गृहस्थ आले ते नेमके त्याच वेळी, पोह्यांची बशी परत द्यायला. चौरंगीवरच्या एका हॉटेलात ते क्लॅरिनेट वाजवत. लढाईच्या आधीपासून कलकत्त्यात होते, पण गोष्टी सगळ्या त्यांच्या गावच्या. आमच्या एक वर्ष आधी त्यांचा देश स्वतंत्र झाला होता, आणि त्या एका वर्षाच्या जोरावर ते मला धाकट्या भावासारखं समजावत.

"झेंडा बदलला की पहिलं वर्ष फार गोड जातं," ते म्हणत. "मग दिसतं की जमीनदार तोच, त्याचा मुकादम तोच, आणि आता मुकादमाच्या हातात मतपत्रिकांचा गठ्ठा आहे. आमच्याकडे मेलेली माणसं मत देतात, साहेब. जिवंतांपेक्षा वेळेवर येतात."

त्यांची आई मत द्यायला गेली तर तिच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलेलं. म्हातारी भांडली नाही. पुढच्या वेळी उजाडायच्या आत जाऊन दारात बसली, सगळ्यांच्या आधी. "आशा आशा म्हणतात ना," ते म्हणाले होते, "माझ्यासाठी ती एवढीच. दारात बसलेली आमची म्हातारी. बाकी सगळी भाषणं."

त्या सकाळी त्यांनी माझ्या खांद्यावरून यादीकडे पाहिलं. "या बायका कोण?"

"गिरणीतल्या कामगारांच्या. आधी नावं सांगत नव्हत्या."

"आणि आता तुम्हाला सांगितली?" ते मटकन खुर्चीत बसले. "तुम्ही किती मोठं काम करताय हे तुम्हाला कळतंय का?"

मी मान खाली घालून लिहीत राहिलो. नम्रपणा वाटला असेल त्यांना.

मतदानाच्या दिवशी माझी नेमणूक त्याच भागात, एका शाळेत झाली. केंद्राचे मुख्य अधिकारी एक वयस्कर बंगाली गृहस्थ होते, शांत आणि नियमाला धरून चालणारे. दुपारपर्यंत त्या वस्तीतल्या काही बायका येऊन परत गेल्या. कुणी 'घरवाली' म्हणाली, कुणी काहीच बोलली नाही. किती गेल्या ते मी मोजलं नाही. यादीत डोकं घालून बसलो.

मग ती आली. पदराखालचा चेहरा मी पूर्वीही पाहिला नव्हता, पण आवाज ओळखला. अधिकाऱ्यांनी नाव विचारलं. तिनं मागे वळून पुरुषांच्या रांगेकडे पाहिलं. तिथे दीर होते, नवरा होता. मग समोर बघून तिनं आपलं नाव सांगितलं, पडवीभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

रांगेत कुणीतरी हसलं. "अरे, बोल पडी!"

अधिकाऱ्यांनी बोट यादीवर ठेवलं. खोलीचा नंबर जुळत होता, नवऱ्याचं नाव जुळत होतं. बाईचं जुळत नव्हतं. यादीतलं नाव त्यांनी मोठ्यानं वाचलं, दोनदा. माझ्या बायकोला त्या नावानं हाक मारणारं माणूस तेव्हा जगात कुणी उरलं नव्हतं. ते नाव त्या पडवीत दोनदा घुमलं, आणि कुणी ओ दिली नाही.

मग ते माझ्याकडे वळले. "ही यादी तुम्हीच केलीत ना? बाई हीच आहे का? लिहिताना चूक झाली असेल तर तसं सांगा. मी तिला मत देऊ देतो."

नियमात ते बसत होतं. माझा एक शब्द पुरला असता. पण एकीची चूक कबूल केली की ते पुढची ओळ बघणार, मग त्याच्या पुढची.

"यादीत आहे ते बरोबर आहे," मी म्हणालो.

तिला ते कळलं. "हमारा नाम हमको नहीं मालूम?" ती अधिकाऱ्यांना म्हणाली. त्यांनी हात जोडले आणि बाजूला व्हायला सांगितलं. जाताना ती माझ्या टेबलापाशी थांबली.

"आप उस इतवार आए नहीं," ती म्हणाली. एवढंच. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिलिपिनो शेजारी जिन्यातच उभे होते. "आल्या का त्या बायका?"

"आल्या."

"नावं सांगितली?"

"एकीनं तर मोठ्यानं सांगितलं."

दोन्ही उत्तरं खरी होती. त्यांचे डोळे भरून आले. "हे मी आईला लिहितो," म्हणाले. लिहिलंही. तीनेक महिन्यांनी तिचं उत्तर आलं, ते त्यांनी मला भाषांतर करून ऐकवलं. म्हातारीनं गावच्या बायकांना जमवून मुलाचं पत्र वाचून घेतलं होतं, आणि बराकपूरच्या त्या बाईला आशीर्वाद कळवा म्हणून लिहिलं होतं. मी कळवतो म्हणालो. पुढच्या वर्षी ते मायदेशी गेले.

दुसऱ्या निवडणुकीच्या याद्या निघाल्या, तेव्हा मला कुणी पाठवलं नव्हतं. मी आपणहून त्या वस्तीत गेलो. दारात नवरा बसला होता. त्यानं मला ओळखलं नाही. खाट पुढे सरकवली.

"वो तो रही नहीं, बाबू. दो बरस हुए, बुखार में गई."

मी खाटेच्या कडेवर बसलो. तोच पुढे म्हणाला, "लिस्टवाले आए थे. किसी दूसरी औरत को पूछ रहे थे, हमारे ही कमरे में. हमने कहा, इस नाम की यहाँ कोई नहीं."

चहा घेऊन मी परत आलो.

तिचं खरं नाव मला पाठ आहे. ते इथे लिहीत नाही. मी ते लिहायचा एक रविवार ठरला होता. बायको आत तांदूळ निवडते आहे. तिच्या माहेरच्या नावाचं मी काय केलं, हे छापून येण्याआधी मला तिला तोंडानं सांगायचं आहे. त्या बाईचं एक मत मी देणं लागतो, आणि बाकीच्या पंचवीस जणींचं एकेक.