दसऱ्यापर्यंत झाकलेला अंतरा

छतातल्या झरोक्यातून उतरलेला उन्हाचा एक चौकोन सरकत सरकत भिंतीशी उभ्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर येऊन थांबायचा, आणि तो तिथे आला की शिकवणीची वेळ झाली असं आम्ही समजायचो. चिटगुप्प्याच्या बाजारामागे अण्णांची ती माळवदाची खोली... शेणानं सारवलेली गार जमीन, कोनाड्यातला उदाचा धूर, शेजारच्या घाण्यातून येणारा ताज्या करडईच्या तेलाचा वास, आणि या साऱ्यावर पसरलेला तंबोऱ्याचा षड्ज. आजही कुठे करडईचं तेल तापलं की मला आधी सा ऐकू येतो, भूक नंतर लागते.

अण्णा म्हणजे आमचे गाण्याचे मास्तर. निजामाच्या राज्यातल्या त्या लहानशा गावात ते मुलींना गाणं शिकवत, याचं लोकांना नवल वाटे आणि थोडा रागही येई. ते नुसतं शिकवत नसत, स्वतः चिजा बांधत. ओसरीवर येरझाऱ्या घालत, मांडीवर बोटं आपटत, मधेच कानडीत स्वतःशीच काही पुटपुटत. पण त्यांची एकही चीज कागदावर नव्हती. नवी चीज झाली की अस्थाई, म्हणजे तिचा पहिला भाग, ते एकीला शिकवत आणि पुढचा अंतरा दुसरीला. दोघींनी एकमेकींना ऐकवायचं नाही. दसऱ्याला वाद्यांची पूजा झाली, तंबोऱ्याला झेंडूची माळ चढली, की मग दोघींनी मिळून ती पहिल्यांदा अख्खी गायची.

"अण्णा, लिहून कामून ठेवत न्हाई तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"वहीत घातलं की वही मिटून जाती गं," ते हसून म्हणाले. "अन् एकीलाच अख्खं दिलं तर ती फुगून बसती. अर्धं-अर्धं असलं की एकमेकीची वाट बघावं लागतंय."

त्या वर्षी आषाढात त्यांनी भीमपलासीतली एक चीज बांधली. "धूप ढली अंगना, कौन पुकारे" — ही अस्थाई माझ्या वाट्याला आली. उतरत्या उन्हात अंगणातून कुणीतरी हाक मारतंय, पण कोण? अण्णा म्हणाले, "उत्तर अंतऱ्यात हाय. अन् अंतरा जुबेदापाशी." जुबेदा माझी मैत्रीण, दोन घरं सोडून राहणारी, आवाज असा लख्ख की मला तिचा हेवा वाटायचा. अख्खा श्रावण मी तिच्याकडे पाहत काढला. ती ओठ घट्ट मिटून हसायची, मीही माझी अस्थाई तिच्यापासून झाकून ठेवायची. अण्णांचं आपण किती ऐकतो, याचा मला भारीच तोरा होता!

भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं. मोठी माणसं हळू आवाजात बोलू लागली, दारं दिवसाही लोटलेली असत. एका सकाळी जुबेदाच्या दारात बैलगाडी उभी राहिली — गाद्यांच्या वळकट्या, पत्र्याची पेटी, पोपटाचा पिंजरा. हैदराबादला मामाकडे निघाले होते सगळे. मी परसात गुलबक्षी खुडत होते. ती धावत आली आणि तिनं माझा हात धरला.

"सुन, अंतरा सुनाती मैं. जल्दी. अब्बा बुलारे."

"नक्को," मी म्हणाले. "अण्णांनी सांगितलंय, दसऱ्यालाच. तू ये, मग गाऊ."

"मैं नै आई तो?"

"येशील की!"

तिनं श्वास घेतला, तोंड उघडलं — आणि मी दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून धरले. तिचे ओठ जरा हलले, मग थांबले. ती गेली. गाडी वळेपर्यंत मला वाटत होतं, मी केवढी शहाणी मुलगी...

दसऱ्याच्या आठवडाभर आधी अण्णांना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. पूजा त्यांच्या बायकोनं केली, माळही तिनंच घातली, आणि मी खाटेशी बसून एकटीच गाऊ लागले. त्यांच्या डाव्या हाताची बोटं चादरीवर ताल देत होती. अस्थाई संपली, मी थांबले. बोटं थांबली नाहीत. दाराकडे नजर लावून ते अंतरा ऐकत होते, पुरती दोन आवर्तनं, त्यांच्या आतल्या आत. सम जवळ आली तसं त्यांनी माझ्याकडे पाहून भुवया उचलल्या, आणि मी पुन्हा "धूप ढली" उचललं. अर्ध्या ओठांनी ते हसले. त्यांनी चीज अख्खी ऐकली होती. खोलीत बसून ती न ऐकलेली मी एकटीच होते, आणि तेव्हा मला रडू आवरेना.

दिवाळी त्यांनी पाहिली नाही. जुबेदाचं पत्र कधी आलं नाही. तिचा पत्ताही कुणाजवळ नव्हता.

पुढे मीही गुलबर्ग्यात मुलींना गाणं शिकवलं, आयुष्यभर. अण्णांच्या आठवतील तेवढ्या चिजा वहीत उतरवल्या, त्यांना आवडलं नसतं तरी. भीमपलासीच्या पानावर वरचा अर्धा भाग भरलेला आहे, खालचा कोरा. "बाई, अंतरा तुम्हीच बांधा की," असं पोरी म्हणायच्या. दोन-तीनदा बांधून पाहिलाही. हाक मारणारा प्रत्येक वेळी कुणी भलताच निघाला, म्हणून खोडून टाकला.

आता शिकवणी नाही. ऊन अंगणात उतरलं की तंबोरा जुळवून मी एकटीच गाते. अस्थाई संपते, बोटं मांडीवर चालत राहतात, आणि दोन आवर्तनं मी गप्प बसून ऐकते. आता कानांवर हात नसतात.