तुळशीचं लग्न आणि दातारांचा दगड

माझ्या लग्नात सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ मी एका दगडाच्या बदल्यात दिलं, तेव्हा मी पूर्ण शुद्धीवर होतो.

दगड साधा नव्हता. उल्कापाषाण होता! शहाऐंशी साली तो गाजलेला धूमकेतू आला आणि अख्खी डोंबिवली गच्चीवर चढली. दिसला कुणालाच नाही, पण मला आकाशाचं वेड लागलं ते लागलंच. वर काही दिसत नाही म्हटल्यावर मी खाली पडलेलं शोधायला लागलो. दर रविवारी मानपाड्याच्या बाजूला जायचं आणि काळे, जड दगड पिशवीत भरून आणायचे, भिंगाखाली न्याहाळायचे. जुन्या रेडिओतून उचकटलेलं लोहचुंबक त्यांना लावून बघायचं (रेडिओ तेव्हापासून गप्प आहे), मोरीतली एक फरशी उपटून तिच्या मागच्या बाजूवर दगड घासायचा, उमटलेल्या रेघेचा रंग वहीत टिपायचा. घरात शास्त्रीय वातावरण होतं. मोरीत पाणी मुरत होतं.

ठाण्याला एका व्याख्यानात खोपटचे दातार भेटले. निवृत्त शास्त्रशिक्षक, अविवाहित, बोलणं मोजकं. परदेशातल्या हौशी लोकांशी पत्रव्यवहार करून ते उल्कापाषाणांची अदलाबदल करत. माझी पिशवी त्यांनी एका मिनिटात निकालात काढली.

"हे सगळं कारखान्याच्या भट्टीतलं आहे. आकाशातून नाही, चिमणीखालून आलंय."

मग त्यांनी रुमालातून लिंबाएवढा एक काळा कुळकुळीत, गुळगुळीत दगड काढला. मी हातात घेतला आणि विरघळलो.

"वस्तूला वस्तू," दातार म्हणाले. "एक महिना ठेवा, अभ्यास करा. पटला तर तुमचा, नाही तर परत." त्यांची नजर माझ्या मनगटावर होती. चावीचं, सोनेरी तबकडीचं घड्याळ. दहा मिनिटांनी माझं मनगट हलकं आणि खिसा जड झाला होता.

घरी सांगितलं, घड्याळ दुरुस्तीला टाकलंय.

पुढच्याच आठवड्यात दिवाळीची साफसफाई निघाली आणि बायकोने, म्हणजे सुधाने, जाहीर केलं, "या घरात एक तर दगड राहतील, नाही तर मी!"

विचार करायला मी थोडा वेळ मागितला. ते चुकलंच. मानपाड्याचे सगळे दगड गॅलरीतल्या कुंड्यांच्या बुडाशी गेले. दातारांचा दगड वाचवायला घरात एकच जागा होती, जिथली वस्तू कुणी फेकत नाही. मी तो देवघरात, बाळकृष्णाच्या मागे लपवला!

सकाळी आईच्या हाकेने जागा झालो.

"विनू! अरे ऊठ! शाळिग्राम आले रे!"

आमचा पिढीजात शाळिग्राम रत्नागिरीहून डोंबिवलीला बिऱ्हाड हलवताना हरवला होता. वीस वर्षं आई त्या गोष्टीने हळहळत होती. आता ती तो दगड ओंजळीत धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

"घर शोधत आले बघ. आपणहून!"

त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. पण आईचा तो चेहरा बघून मी दगडाला हात जोडले. मला फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती. आईने दगडावर दही-दुधाचा अभिषेक सुरू केला. उल्कापाषाणात लोखंड असतं, ते गंजतं, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

दोन दिवसांनी मी कुंडीतून तेवढ्याच आकाराचा मानपाड्याचा दगड काढला, धुतला आणि गुपचूप अदलाबदल केली. आईने आंघोळ घालायला तो उचलला मात्र!

"विनू, देव आज हलके लागतायत रे. रुसलेत!" आणि ती पाण्याचा घोटही न घेता बसून राहिली. दुपारी मी खरा देव परत नेऊन ठेवला. आई म्हणाली, "आले हो वजनावर!" आणि जेवली.

मग तिने ठरवलं की यंदा तुळशीचं लग्न बाळकृष्णाशी नाही, शाळिग्रामाशी! आता आमच्या तुळशीचं रोप सुधाने माहेरून, कल्याणहून आणलेलं. त्यामुळे तिचं कन्यादान दरवर्षी माझे सासरे, नाना करायचे. तुळस म्हणजे त्यांची धाकटी लेक. नाना कोर्टात शिरस्तेदार होते. घरातही साक्षीपुरावे घेतल्याशिवाय चहा प्यायचे नाहीत.

लग्नाच्या दिवशी मी पूर्ण बाह्यांचा सदरा घातला, बटणं लावली आणि हात खिशात ठेवले. गॅलरीत उसाचा मांडव, चिंचा, आवळे, बोरं. चाळीतल्या झाडून सगळ्या बायका हजर. साडेसहाचा मुहूर्त.

"जावईबापू, किती वाजले?" नानांनी विचारलं.

"सहा वीस... असतील."

"असतील म्हणजे? घड्याळ कुठाय?"

"सहा बावीस," दारातून आवाज आला.

दातार! मनगट डोळ्यांसमोर धरून उभे! महिना त्याच दिवशी भरत होता, हे मी गडबडीत साफ विसरलो होतो. त्यांनी आत नजर टाकली आणि मुंडावळ्या बांधलेला, हळदीने माखलेला, दह्याने निथळणारा दगड पाहून किंचाळले, "अहो, माझा दगड! दही काय घालताय? गंजेल ना तो!"

आई पुढे झाली.

"तुमचा?"

"माझा. उल्कापाषाण आहे. आकाशातून पडलेला."

मी डोळे मिटून घेतले. आता आई कोसळणार असं मला वाटलं. पण आईचा आवाज आला तो भलत्याच उत्साहात.

"वैकुंठातून आले म्हणायचे! आणि तुमचे म्हणजे तुम्ही वरपक्ष! अगो सुधा, व्याह्यांना पाट दे. पाय धुवायला पाणी आण!"

दातारांचे पाय आयुष्यात कुणी धुतले नव्हते. कपाळाला गंध लागलं, हातात नारळ आला, आणि बघता बघता तो शास्त्रशुद्ध माणूस लाजला! "आमच्या बाजूचे मी एकटाच आलोय," असं म्हणून पाटावर बसला.

नाना मात्र दातारांच्या मनगटाकडे बघत होते.

"हे घड्याळ कुठलं?"

"यांनी दिलं," दातारांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "या दगडाच्या बदल्यात."

दातारांना खोटं बोलता येत नाही, हा त्यांचा फार मोठा दोष आहे. सुधाने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी इथे लिहीत नाही. नानांनी आधी मुहूर्त साधला. मंगलाष्टका झाल्या, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. मग नानांनी दातारांपुढे हात पसरला. दातारांनी मुकाट्याने घड्याळ काढून दिलं. मला वाटलं, सुटलो! मी हात पुढे केला.

नाना माझ्या हातावरून पुढे गेले, वृंदावनापाशी वाकले आणि त्यांनी ते घड्याळ दगडाला बांधलं.

"जावयाला दिलं होतं, जावयालाच देतोय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "या खेपेला माणूस पारखून दिलंय."

दातारांनी भरपाई म्हणून माझं भिंग, लोहचुंबक आणि वही नेली, त्याबरोबर माझा छंदही गेला. दगड राहिला. दरवर्षी ते व्याही म्हणून जेवायला येतात, भिंगातून दर्शन घेतात आणि आईशी दह्यावरून भांडतात. आता देवाला अभिषेकानंतर लगेच कोरडं पुसून तेल लावायचं, एवढ्यावर तडजोड झाली आहे.

घड्याळ अजून देवघरात आहे. ऑफिसला निघताना वेळ बघायला मला चपला काढून आत जावं लागतं. आणि घड्याळ बंद पडलं तर धाकट्या जावयाचा अपमान होतो असं नानांचं म्हणणं असल्यामुळे, रोज सकाळी आंघोळ करून, ओलेत्याने, त्याला चावी द्यायचं काम थोरल्या जावयाकडे आहे.