वरातीला चालेल असा कॅम

माझी गाडी जुनी, छोटी, पेट्रोलवरची आहे आणि ती माझ्या पगाराची आहे. हे वाक्य मी सासरी इतक्यांदा म्हटलंय की आता मी नुसतं तोंड उघडलं तरी नवराच ते पूर्ण करतो. आठवडाभर ती गाडी मला बोरीहून शाळेत नेते, नणंदेला शिवणक्लासला सोडते, मामंजींना जिंतूरच्या दवाखान्यात नेऊन आणते. आणि वर्षातून एखाद-दोन रविवारी मी तिला खाली दक्षिणेत रेसच्या ट्रॅकवर नेते. तिथं फी भरली की कुणालाही आपली रोजची गाडी मनसोक्त पळवता येते आणि समोरून म्हैस येत नाही. ह्या सुखाची किंमत आमच्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्यालाच कळेल.

फक्त एक दुखणं होतं. वळणात मी कुणाला ऐकत नाही, पण सरळ रस्ता आला की माझ्यासारख्याच गाड्या मला मागं टाकून भुर्रकन जायच्या. माझा जीव जळायचा. नवरा कठड्यामागं जेवणाचा डबा धरून उभा असायचा, तो म्हणायचा, "जाऊ दे ना त्यांना, त्यांना घाई असंल." असा माणूस आहे माझा.

परभणीचा मिस्त्री म्हणाला, कॅमशाफ्ट बदला. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनातली फिरणारी दांडी. तिच्यावर अंड्यासारखे उंचवटे असतात, ते इंजिनाच्या झडपा दाबून उघडतात. झडप जास्त वेळ उघडी राहिली की जास्त हवा आत जाते आणि गाडी जोरात असताना आणखी जोर धरते. पण दार सताड उघडं ठेवलं की घरात कुत्रं शिरतं, तसलाच प्रकार इथंही. हळू चालताना गाडी हिसके देते, उभी असताना थरथरते, मनात आलं तर बंदच पडते.

"एक नरम येतो, एक तिखट येतो," मिस्त्री म्हणाला. "तुमी ठरवा, मॅडम."

मी कॅम विकणाऱ्या कोईमतूरच्या दुकानदाराला फोन लावला. तो मोडक्या हिंदीत म्हणाला, तिखट रोज चालवायलाही जमतो. मी विचारलं, रोज म्हणजे काय धरलंय तुम्ही? मग मी त्याला आमचं रोज सांगितलं: गतिरोधक, शेळ्या, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, त्याच्यामागं पाच मैल पहिल्या गिअरात, बाजाराच्या दिवशी तर चालणारा माणूस आपल्याला मागं टाकून वर वाकून विचारतो, कुठं निघालात. त्यानं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, आप नरम ले लो."

झालं. नरम घे म्हटलं की मला तिखटच पाहिजे असतो. ट्रॅकवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं, तर सगळे बाप्ये एकजात म्हणाले, मोठाच घ्या. त्यातल्या निम्म्यांच्या गाड्या घरी कापडाखाली झाकून असतात, हे मला ठाऊक होतं, पण सल्ला आपल्या मनासारखा असला की माणूस सल्ला देणाऱ्याची चौकशी करत नाही.

मी तिखटाचे पैसे पाठवणार, तेवढ्यात नणंदेचं लग्न ठरलं. मुलगा पालमचा, बँकेत कामाला. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, त्याच संध्याकाळी जाहीर केलं, "जावई आपल्याच गाडीत मिरवणार. बँडच्या मागं, सगळ्या गावातून, पार बुद्धविहारापस्तोर."

मी म्हटलं, नव्या कॅमनं गाडी हळू चालायला जरा कुरकुर करेल.

"वरातीत गाडी बंद पडली," आत्याबाई म्हणाल्या, "तर तुजं ते रविवारचं पळणं कायमचं बंद. मंग गाडी फकस्त घरची."

"गाडी माझ्या..."

"...पगाराची," नवऱ्यानं पूर्ण केलं.

"आन् लेक माजी," आत्याबाई म्हणाल्या. विषय संपला.

पण मी पण हट्टी. परभणीत माझ्या ओळखीचे एक मेडिकलवाले आहेत, त्यांच्या गाडीत तिखट कॅम बसवलेला. मी त्यांना सांगितलं, गाडी घेऊन बोरीला या, घरच्यांना एकदा चालवून दाखवू. ते अगदी इस्त्री करून आले. गाडी दारात उभी राहिली आणि धग्... धग्धग्... धग् असं करायला लागली. आरसे हलायला लागले, नंबरप्लेट हलायला लागली.

मामंजी खाटेवरून उठून आले, बॉनेटवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "हिला थंडी वाजायलीय का गं?"

"मामा, ही वेगात वर गेली की बघा," मेडिकलवाले म्हणाले.

"वर कुठं? गावात वर फकस्त पाण्याची टाकी हाय."

मग आत्याबाईंनी वरातीची तालीम लावली. मामंजींनी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि नवरदेवाच्या जागी मागं बसले. माझा नवरा, पंचायत समितीतला सरकारी माणूस, तेलाचा रिकामा डबा गळ्यात अडकवून पुढं बँड झाला. मेडिकलवाल्यांनी बँडच्या चालीनं गाडी सोडली. गाडीनं एक हिसका दिला, मामंजी पुढं. दुसरा हिसका, मामंजी मागं. तिसऱ्याला टॉवेल डोळ्यांवर आला आणि आतून आवाज आला, "माजे दात! दात खाली पडले!" शेजाऱ्यांचं वासरू दावं तोडून पळालं. डबा वाजवत नवरा मात्र चाललाच होता, त्याला वाटलं सगळं छान चाललंय. गाडी केव्हाच बंद पडली होती.

दात सीटखाली सापडले. मेडिकलवाले चहा न घेता गेले.

मी नरम मागवला. तोंड एवढंसं करून मागवला. मिस्त्रीनं बसवला, झडपांची वेळ जुळवली, आणि गाडी होती तशी शांत राहिली. आवाज थोडा भरीव झाला आणि मधल्या वेगात ती पूर्वीपेक्षा चांगली ओढायला लागली, हे मला कबूल करावं लागलं. पण मनात मी त्या तिखटासाठीच रडत होते. आठ दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. नवरा म्हणाला, घरात जरा शांतता आहे.

लग्नाच्या दिवशी मी पहाटेच गाडी धुतली, झेंडूच्या माळा लावल्या, आणि पाहुणे आले. नवरदेव घोड्यावर.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पालमकरांना आम्ही गाडीचं सांगितलंच नव्हतं. आमच्यात सोयऱ्याला आधी विचारलं तर हौस कसली, त्याला एकदम दाखवायचं असतं. त्यांनीही घोड्याचं आम्हाला सांगितलं नव्हतं, ते त्याच कारणानं. ज्या वरातीपायी मी तिखट सोडला, तिच्यात माझ्या गाडीला जागाच नव्हती. मी माळा ओरबाडून काढणार होते.

तेवढ्यात नवरदेवाचे वडील काठी टेकत आले. त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, चालवत नव्हतं. त्यांना मी पुढं बसवलं, आत्याबाई मागं बसल्या, आणि आम्ही घोड्याच्या मागोमाग निघालो. बँड, घोडा, मग माझी गाडी. घोड्याची शेपटी जवळजवळ माझ्या काचेवर.

चावडीपाशी गल्ली अरुंद होते. दोन्ही बाजूंनी माणसं. घोड्याचे कान एकदा मागं वळले, माझ्या इंजिनाकडं. गाडी आपली मुंगीच्या पावलानं, हूं की चूं न करता चालली होती. कान परत पुढं झाले.

"माज्या लग्नात मला हितंच खाली उतरवलं व्हतं," नवरदेवाचे वडील समोर बघत म्हणाले. "म्हंजे हितं न्हाई, आमच्याकडं. पण चावडीपाशीच. म्हणले, घोड्यावरून ह्या रस्त्यानं जायचं न्हाई. मंग पायी गेलो मागच्या रस्त्यानं." लेकाच्या फेट्याचं टोक वाऱ्यावर हलत होतं, त्याच्याकडं ते बघत राहिले. चावडी मागं पडली. माझ्या गाडीत त्या दिवशी तिखट कॅम असता, तर तो घोडा उधळला असता आणि चावडीसमोर नवरदेव खाली आला असता.

विहार दिसायला लागला तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि डॅशबोर्डवर थाप मारली. "लय गरीब गाडी हाय. म्हाताऱ्या माणसासाठी घेतली का?"

मी उत्तर देणार होते आणि ते बरं नसतं झालं. पण मागून आत्याबाई उसळल्या.

"म्हाताऱ्यासाठी? पाव्हणं, म्होरं घोडं हाय म्हणून गप हाय ती. ह्या रविवारी माजी सून तिला ट्रॅकवर न्यायलीय. तुमी या बगायला, मी बी जायलेय."

मला हे पहिल्यांदाच कळत होतं. मागं वळून बघायची सोय नव्हती, क्लचवरचा पाय उचलला असता तर गाडी घोड्याला लागली असती.