साप नसलेल्या देशातली नागपंचमी

मंडळी, आज सकाळी आंघोळ करून पाटावर चंदनाने नाग काढला, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवला आणि आईची आठवण आली. शेताकडे धाडताना ती रोज बजावायची, "पाय आपटत जा रे."

एका श्रावणात धाकटा भाऊ बांधावरून माझ्या पुढे धावत गेला. साप चावला. तो वाचला नाही. तेव्हापासून मी गवतात अनवाणी उतरलेलो नाही. इथे न्यूझीलंडमध्ये, हिल्सबरोच्या घरामागच्या लॉनवरही बूट घालूनच जातो, पाय आपटत. एकदा तरी अनवाणी जायचं, असं दरवर्षी ठरवतो.

आज मला तसं जाताना पाहून लेक हसली. "बाबा, सीरियसली? देअर आर नो स्नेक्स हिअर!"

"माहीत आहे गं."

मग तिने शाळेत शिकलेलं सांगितलं. भारत आणि न्यूझीलंड फार पूर्वी एकाच भूखंडात होते. हा तुकडा तुटून समुद्रात एकटा पडला, तेव्हा साप इथवर पोहोचलेच नव्हते. भारत मात्र सरकत जाऊन आशियाला भिडला.

एकाच आईची दोन लेकरं, पण नशीब वेगळं. देवाची करणी, दुसरं काय?

"देन व्हाय डू यू स्टॉम्प?"

"तुझ्या काकासाठी," मी म्हणालो आणि पहिल्यांदाच तिला सगळं सांगितलं.

तिचं हसू मावळलं. तिने जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, काढल्या आणि हात पुढे केला. "कम, बाबा."

तुमच्या पायांनाही गावाकडची अशी एखादी भीती चिकटून आहे का?

मी बूट पायरीवर ठेवले. गवत थंडगार होतं. लिंबाच्या झाडापर्यंत चालत गेलो, एकदाही पाय न आपटता.